प्रोस्टेटचे औषध आणि आपला संकोच
(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वाकड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि शिष्यवृत्तीचा अहवाल झाल्यावर आम्ही लघवीच्या विकाराचा विषय घेऊन उभे राहिलो, हे पाहून पुढच्या रांगेतील काही मंडळींच्या मुखावर हसू उमटले आहे. ते साहजिकच होय. वर्गात करंगळी वर करणाऱ्या मुलास आम्ही पस्तीस वर्षे परवानगी देत आलो. परंतु स्वतःवर प्रसंग आला तेव्हा डॉक्टरांपुढे करंगळी वर करण्यास आम्हांस चार वर्षे धीर झाला नाही. आम्ही केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. जे भोगले आणि डॉक्टरांस विचारून जे समजून घेतले, तेवढेच येथे सांगतो.

मूत्राशयाच्या मुखाशी पुरुषांस एक लहान ग्रंथी असते. तिला शास्त्रात पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. व्यवहारात सर्वजण प्रोस्टेटच म्हणतात. उतारवयात ती वाढते आणि तिच्या मधून जाणारी मूत्रनलिका आवळली जाते. मग रात्री तीन-चार वेळा उठणे, धार बारीक होणे, पुरते मोकळे न वाटणे, हे सारे सुरू होते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु लक्षणांवरून दोहोंतील भेद आपणांस कळत नाही. यास्तव तपासणीवाचून शेजाऱ्याची गोळी मागून घेणे हा शुद्ध अविचार होय. सकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींत कट्ट्यावर तंबाखूच्या चंचीप्रमाणे गोळ्यांची पाकिटे फिरताना आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे बोलतो.

औषधे मुख्यतः दोन जातींची आहेत. पहिल्या जातीतील टॅमसुलोसिन आपल्याकडे पुष्कळांस दिले जाते. ते ग्रंथी लहान करीत नाही. तेथील स्नायू सैल करते, म्हणून थोड्याच दिवसांत गुण दिसतो. दुसऱ्या जातीतील फिनास्टेराइड व ड्यूटास्टेराइड ही औषधे ग्रंथी हळूहळू आक्रसवितात. त्यांचा पुरता गुण येण्यास सहा महिने वा अधिकही लागतात. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून ती टाकून देऊ नयेत. ही औषधे चालू असता रक्तातील पी.एस.ए. सुमारे निम्म्यावर येते. तेव्हा ती तपासणी करणाऱ्या डॉक्टरांस औषधाचे नाव न सांगितल्यास आकडा त्यांची फसगत करील.

भगिनींनो, एक गोष्ट आपल्यासाठी. या दुसऱ्या जातीची फुटलेली गोळी किंवा गळकी कॅप्सूल गर्भवती स्त्रीने हाताळू नये. पोटातील मुलग्याच्या वाढीस त्यापासून अपाय संभवतो. सासऱ्यांची औषधाची डबी सुनेने भरावयाची, ही आपल्या घरची रीत प्रेमाची खरी. परंतु अशा दिवसांत ते काम सासऱ्यांनीच करावे.

आता आमची गोष्ट. टॅमसुलोसिनची कॅप्सूल रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने, रोज त्याच वेळी, न चावता, न फोडता गिळावी, असे डॉक्टरांनी बजावले होते. अंथरुणावरून एकदम उठू नका, हेही सांगितले होते. कारण या औषधाने उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. पहिल्याच रात्री आम्ही सवयीप्रमाणे ताडकन उठलो आणि मोरीच्या उंबऱ्याशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंतीचा आधार घेतला. हाड मोडले नाही, एवढेच. त्या रात्रीपासून आम्ही काठावर क्षणभर बसतो, पाय हलवितो, दिवा लावतो आणि मग उठतो.

परंतु आमचा खरा अपराध निराळाच होता. औषधाचे पाकीट आम्ही कपाटात पोथ्यांच्या मागे ठेवीत होतो. सौभाग्यवतींस ठाऊक होते. मुलास व सूनबाईंस नव्हते. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "लघवीसाठी काही गोळी घेता का, गुरुजी?" शेजारी सूनबाई बसल्या होत्या. आम्ही "नाही" म्हणालो. जन्मभर मुलांस खरे बोलण्याचे धडे दिले, आणि एका कॅप्सूलसाठी खोटे बोललो! शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सौभाग्यवतींनी ते पाकीट पोथ्यांमागून काढून सूनबाईंच्या हाती ठेवले. आम्ही रागावलो. त्या इतकेच म्हणाल्या, "डोळा गेला तर पोथी वाचणार कशी?"

सकाळी सूनबाईंनी डॉक्टरीणबाईंस सर्व सांगितले. तेव्हा कळले की या औषधाने डोळ्यातील बुबुळाचा रंगीत पडदा लुळा पडतो आणि शस्त्रक्रिया चालू असता मध्येच फडफडतो, बाहुलीही आकसते. अमेरिकेतील चँग व कॅम्बेल या नेत्रशल्यविशारदांनी ही गोष्ट २००५ साली जगापुढे मांडली. औषध आधी काही दिवस बंद केले तरी हा धोका पुरता टळत नाही. म्हणून आपल्या मनाने बंद करण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्यास आधी ठाऊक असले, म्हणजे तो तशी तयारी ठेवतो. बाईंनी तशी तयारी केली, आणि हे टिपण आम्ही आज त्याच डोळ्याने वाचीत आहो. सूनबाई त्यानंतर फक्त एकदा हसल्या, तेही पाकीट स्वयंपाकघरातील फळीवर उघडपणे ठेवताना.

आणखी एक धोका सर्दीच्या गोळीचा. या गोळ्यांत बहुधा फेनिलेफ्रिन व क्लोरफेनिरामिन असते. पहिल्याने मूत्राशयाचे मुख आवळते, दुसऱ्याने मूत्राशयाची ढकलण्याची शक्ती मंदावते. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अशा वेळी अजिबात अडू शकते. मग नळी घालण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या एका स्नेह्यांस चैत्री पौर्णिमेला, म्हातोबाच्या बगाडाच्या गर्दीत, नेमके हेच झाले. दोन दिवस नाक गळत होते म्हणून दुकानातून गोळी आणली होती. दुकानदारास प्रोस्टेटचे औषध चालू असल्याचे सांगितले नव्हते; त्यानेही विचारले नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आणि पुरुषत्वासाठी घेतली जाणारी सिल्डेनाफिलसारखी औषधेही टॅमसुलोसिनबरोबर रक्तदाब फार उतरवू शकतात. हा उल्लेख काहींस रुचणार नाही. परंतु डॉक्टरांपुढे तो झालाच पाहिजे.

औषध काही दिवस चुकले, गावी गेलो आणि पाकीट घरीच राहिले, तर परत आल्यावर डॉक्टरांस विचारूनच पुन्हा सुरू करावे. चुकलेल्याची भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. पाकिटावरील मोठे नाव कंपनीने ठेवलेले असते. बारीक अक्षरातील नाव औषधाचे. दोन डॉक्टरांनी दोन निराळ्या नावांनी एकच औषध दिल्याचे आम्ही पाहिले आहे. बारीक अक्षर वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्यावे.

ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्या गावाचे आपण शेजारी. तेथील एका सूक्ष्मजंतूस शास्त्रज्ञांनी गावावरूनच 'पिंप्रिना' हे नाव दिले आहे. औषधाच्या इतक्या जवळ राहून आपण औषधाचे नाव मात्र घरात उच्चारीत नाही, याचे नवल वाटते.

आम्ही आपल्या सर्व औषधांची नावे एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून खिशात ठेवतो. जेवणाची पंगत बसण्यापूर्वी मंडपाच्या डाव्या बाजूस कोरे पुठ्ठे आणि पेन ठेवले आहेत. अक्षर चांगले नसेल त्यांचे आम्ही लिहून देऊ. ती सवय अद्याप गेलेली नाही.