अहवालाच्या आधी रुग्ण



आपण पुण्यातल्या खराडीत जमलो आहोत. इथल्याच रक्षकनगरमध्ये महापालिकेचं कोविड केअर सेंटर होतं. इऑन आयटी पार्कमधले अभियंते, त्यांच्या कचेऱ्या झाडणाऱ्या बायका, नव्या टॉवरवरचे बांधकाम मजूर, असे सगळे त्या काळात नगर रस्त्यावरच्या कॅज्युअल्टींमध्ये एकाच दारानं आत येत होते. त्यांच्यातला कोरोना ओळखायचा कसा आणि त्याची तीव्रता ठरवायची कशी, यावर मला बोलायचं आहे.

९ मार्च २०२० रोजी दुबईहून परतलेल्या दांपत्याचं निदान पुण्यात झालं. राज्यातले ते पहिले रुग्ण. त्यांना नायडू रुग्णालयात ठेवलं होतं. तेव्हा दारावरचा पहिला प्रश्न असे, 'परदेशातून आलात का?' २० मार्चला आयसीएमआरनं तीव्र श्वसनविकारानं दाखल झालेल्या प्रत्येकाची तपासणी करायला सांगितलं आणि तो प्रश्न मागे पडला. त्याची जागा मात्र दुसऱ्या प्रश्नानं घेतली: 'रिपोर्ट आहे का?' धाप लागलेला माणूस गेटवर आणि नातेवाईक मोबाइलवर अहवालाची वाट बघताहेत, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दाखल करायला पॉझिटिव्ह अहवालाची सक्ती नाही, हे केंद्र सरकारनं स्पष्ट केलं ते ८ मे २०२१ रोजी. वर्षभर आधी हे व्हायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

एप्रिल २०२१ मधला एक रिक्षाचालक सांगतो. वय पन्नाशीचं, स्वतःच्या पायांनी चालत आला. 'ताप उतरलाय डॉक्टर, नुसता थकवा आहे,' म्हणाला. पण एवढं बोलताना दोनदा थांबला. नाकपुड्या फुलत होत्या, मानेचे स्नायू ओढले जात होते. सिस्टरनी मिनिटभर छातीवर नजर ठेवून श्वास मोजले, चौतीस भरले. सॅच्युरेशन ८४. अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह! ऑक्सिजन आधी लावला, आरटीपीसीआरचा नमुना नंतर घेतला.

आपले केसपेपर चाळून बघा. श्वासाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी १८ नाहीतर २० लिहिलेलं असतं, आणि तो आकडा मोजलेला नसतो. ऑक्सिमीटर आल्यापासून ही सवय वाढली. पण गार पडलेली बोटं, मेंदी, नेलपॉलिश यांनी ते यंत्र फसतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधून आलेला अभ्यास तर आपण भिंतीवर लावायला हवा. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातली खरी पातळी ८८च्या खाली असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के चाचण्यांत आढळलं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. उन्हात राबणाऱ्या, सावळ्या कातडीच्या आपल्या माणसांसाठी हा इशाराच आहे. बसल्या जागी आकडा चांगला असेल आणि धाप नसेल, तर सहा मिनिटं चालवून बघा. सॅच्युरेशन ९३च्या खाली आलं किंवा तीन टक्क्यांहून जास्त घसरलं, तर त्याला घरी पाठवू नका.

साथीच्या काळात लोक एकमेकांना 'स्कोअर किती?' असं विचारायचे. पंचवीसपैकी आलेल्या त्या सीटी स्कोअरवर कित्येकांना स्टेरॉइड सुरू झालं. जून २०२० मध्येच ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं होतं, की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांनाच होतो, इतरांना नाही. म्हणजे ऑक्सिजनची गरज नेमकी ओळखली, की निम्मा उपचार तिथेच ठरतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. पॉझिटिव्ह शिक्का बसला, की पुढची तपासणी थांबते. पावसाळ्यात डेंगी असतो, छातीत दुखणाऱ्याला हार्ट अ‍ॅटॅक असू शकतो, धाप लागलेल्या मधुमेह्याचं रक्त आम्लधर्मी झालेलं असू शकतं. आज कोरोना बहुधा असाच, दुसऱ्या आजाराच्या जोडीनं दारात येतो. मास्क लावा, वेगळं ठेवा, पण ईसीजी आणि साखर लगेच झालीच पाहिजे.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. ट्रायाजच्या कागदावर श्वासाचा आकडा पूर्ण मिनिट मोजूनच लिहावा, शेजारी मोजणाऱ्याची सही असावी, आणि सॅच्युरेशन साध्या हवेवरचं की ऑक्सिजनवरचं, हेही नोंदवावं. गर्दीत मिनिट कुठून काढायचं, हा तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे. त्यासाठी प्रत्येक पाळीत एक जादा सिस्टर मागण्याचं कलम मी त्यातच घातलं आहे. त्यावर सविस्तर चर्चा करू.