रन, धाव आणि चाल
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



इंग्रजीच्या शब्दार्थांच्या वहीत पहिल्या दोन-तीन पानांत 'रन' हा शब्द येतोच. त्याच्यासमोर दोन आडव्या रेघा आणि पुढे 'पळणे'. एक ओळ, एक शब्द, काम संपले. पुढे सहावी-सातवीत नदीविषयीच्या वाक्यात हाच 'रन' भेटतो, तेव्हा नदी पळू लागते. सर्दी झालेल्या मुलाचे नाक पळते. आणि वडील किराणा दुकान 'रन' करतात म्हणजे दुकान घेऊन पळून जातात. वर्गात हशा पिकतो. घरी मात्र हशा पोहोचत नाही, पोहोचते ती तांबड्या शाईची खूण. आणि तिच्याबरोबर पालकांच्या मनातला जुना प्रश्न, की मराठी माध्यमात घालून मुलाचे इंग्रजी कच्चे तर राहिले नाही ना? घरात मराठी, बाजारात हिंदी, गल्लीत छत्तीसगढी आणि नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी अशी जेथे रोजची रीत आहे, त्या हुडकोत हा प्रश्न हलका नाही. तो एका भाषणाने सुटणाराही नाही. परंतु एका क्रियापदाकडे निवांतपणे पाहिले, तर चूक नेमकी कोठे होते एवढे तरी दिसते.

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात फार काळ 'सेट' हे सर्वांत मोठ्या नोंदीचे क्रियापद होते. नव्या आवृत्तीच्या कामात तो मान 'रन'ने पटकावला. संपादकांनी 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदविले आणि त्या एका नोंदीसाठी एका कोशकाराचे सुमारे नऊ महिने खर्ची पडले. ६४५ अर्थांच्या शब्दाला वहीतल्या एका ओळीत बसविणे हा मुलावर अन्याय आहे, आणि शब्दावरही.

मुळात 'रन'चा धावण्याइतकाच, किंबहुना अधिक जवळचा संबंध वाहण्याशी आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'रिन्नन' असे होते. जर्मन भाषेत आजही 'रिनेन' म्हणजे वाहणे आणि 'रेनेन' म्हणजे धावणे. जुन्या इंग्रजांनी त्याचे 'इर्नन' असेही करून टाकले होते, म्हणजे 'र' आणि स्वर यांची जागा बदलली. आपल्याकडे नुकसानीचे 'नुस्कान' होते आणि चिकटलेले 'चिटकते', तोच हा वर्णविपर्यय. अशुद्ध बोलण्याची ही खोड सर्व भाषांना सारखीच लागलेली आहे. पुढे नॉर्वे-डेन्मार्ककडून आलेल्या लोकांच्या बोलीतील शब्दाने त्याला बळ दिले, आणि भूतकाळवाचक धातुसाधितातला 'उ' वर्तमानकाळात शिरून आजचे रूप तयार झाले. हा 'उ' तेव्हा खरोखरच 'उ' होता. त्याचा 'अ'सारखा उच्चार नंतरचा. उत्तर इंग्लंडमध्ये अजूनही अनेकजण जुन्या वळणानेच बोलतात. येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. गृहबांधणीसाठी १९७० साली स्थापन झालेल्या केंद्रीय महामंडळाची इंग्रजी आद्याक्षरे वस्त्यांची नावे होऊन बसली. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या मराठी माणसाने त्यांचे 'हडको' केले, भिलाईत मात्र ते 'हुडको' राहिले. एकाच इंग्रजी स्वराची ही दोन वळणे.

वाहण्याचा तो मूळ अर्थ भिलाईकरांना कोशात शोधावा लागू नये. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी, म्हणजे कामगारांच्या भाषेत ब्लास्ट फर्नेस, सुरू झाली. भट्टीचे तोंड फोडले की १४०० अंशांहून अधिक तापलेले लोखंड ज्या नाळेतून वाहत येते, तिला कारखान्यात 'रनर' म्हणतात. तेथे कोणी पळत नाही. पळू नये अशीच सक्त ताकीद असते. वाहते ते लोखंड. ज्या घरातील आजोबांनी त्या नाळेशेजारी उभे राहून पाळ्या केल्या, त्या घरातील नातवाने वहीत 'रन म्हणजे पळणे' एवढेच लिहावे, ही गोष्ट खंत वाटण्याजोगी आहे. आजोबांना विचारले असते, तर त्यांनी योग्य अर्थ सांगितला असता.

अनेक भाषाशास्त्रज्ञ 'रन'चे मूळ ज्या प्राचीन धातूशी जोडतात, त्याच धातूशी संस्कृतातील 'रीति' हा शब्दही जोडला जातो. काही अभ्यासक 'रन'साठी दुसरे मूळ सुचवितात, हेही सांगितले पाहिजे. 'रीति'चा वेदकालीन अर्थ मात्र निःसंशय प्रवाह असा आहे. पद्धत हा अर्थ मागाहून आला. पाणी ज्या वाटेने नेहमी वाहते ती त्याची रीत. मराठीने या शब्दाला 'चाल' जोडून 'चालीरीती' असा जोडशब्द घडविला. पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आले आणि जे वाहत आले, ते दोन्ही त्यात एकत्र नांदते.

आता 'चालणे' पाहावे. इंग्रजांचा कारखाना 'रन' होतो, आपला चालतो. घड्याळ चालते, खटला चालतो, दुकान चालते, घर चालवावे लागते. डोके चालत नाही आणि तोंड मात्र चालते. अभंगाला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, शत्रूवर चाल करून जातात. नको असलेल्या माणसाला 'चालते व्हा' म्हणतात. आणि काही अडचण नसेल तर 'चालेल'. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात किंवा मोल्सवर्थच्या कोशात हे पान उघडून मुलाला वाचून दाखवावे. आपल्या भाषेतले एक क्रियापद एवढी कामे करते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला परक्या भाषेतील क्रियापदाचे नवल वाटेल, भीती वाटणार नाही.

दोन्ही भाषांची ही जोडी आणखीही जुळते. इंग्रजीतील 'करन्सी' आणि 'करंट' हे शब्द लॅटिनमधील धावणे या अर्थाच्या क्रियापदातून आले; मराठीत पैशाला 'चलन' आणि बँकेतील 'करंट' खात्याला 'चालू' खाते. तेथे पैसा धावतो, येथे चालतो. 'करिक्युलम'देखील त्याच लॅटिन धावण्यातला. आपल्या 'अभ्यासक्रमा'तला 'क्रम' हा पाऊल टाकण्याच्या धातूतला. इंग्रजी अभ्यासक्रमाची शर्यत होते आणि आपला पावलापावलाने जातो असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. व्युत्पत्तीतून स्वभाव शोधू नये. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत 'धावतो', इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे तो 'उभा राहतो'; म्हणून आपले उमेदवार स्थिर असतात असे कोणी म्हणणार नाही.

'पळणे' या शब्दाचे थोडे निराळे आहे. तो संस्कृतातील 'पलायन'च्या घरातला. त्यात मागे काहीतरी असते, ज्यापासून दूर जायचे असते. 'धावणे' कशाच्या तरी दिशेने असते. म्हणून संकटात देवाचा धावा करतात आणि क्रिकेटमध्ये धावा काढतात. पळ काढला तर फलंदाज बाद झाल्यासारखेच. शब्दार्थाची वही 'रन'साठी नेमका 'पळणे' निवडते, ही तिची पहिलीच चूक.

येथील मुलाला आणखी एक लाभ आहे, जो पुण्यातल्या मुलाला नाही. छत्तीसगढीत 'रेंगना' म्हणजे चालणे. हिंदीत 'रेंगना' म्हणजे सरपटणे. मराठीत 'रेंगाळणे' म्हणजे उगाच वेळ घालवीत मागे राहणे. तीन शेजारी भाषांतल्या या सारख्या ध्वनींच्या शब्दांचे वेगवेगळे अर्थ हे मूल शाळेत येण्यापूर्वीच ओळखते आणि कोणाशी कोणता वापरायचा हे चुकत नाही. त्याला 'रन'चे पाच-सहा अर्थ पेलणार नाहीत असे मानणे हा त्याच्या बुद्धीवरचा अविश्वास आहे. वहीत एका शब्दापुढे एक शब्द लिहिण्याऐवजी पाच वाक्ये लिहून घ्यावीत, एवढाच बदल शिक्षकांनी आणि पालकांनी करून पाहावा.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने मुलांना भाषांतरासाठी एक वाक्य देता येईल: शाळा साठ वर्षे 'रन' होत आहे. 'पळत आहे' असे आता कोणी लिहिणार नाही. कोणी लिहील, 'साठ वर्षे शाळा चालली आहे.' येथे शिक्षकाने थोडे थांबावे. 'पाहुणे चालले' म्हणजे पाहुणे निघाले. 'शाळा चालली' याचाही तसा अर्थ होऊ शकतो, आणि आज अनेक गावांतील मराठी शाळांविषयी तो तसाच होतो. मग मुलांना विचारावे, की आपल्याला जे म्हणायचे आहे त्यासाठी कोणते रूप घ्यावे. एखादे मूल बराच वेळ पेन्सिल चावील, खोडरबर वापरील आणि लिहील: 'शाळा साठ वर्षे चालत आली आहे.'