पुरानंतरचा रस्ता

जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा व नागोठणे उद्ध्वस्त केले. अशा वेळी नागोठण्यापाशी महामार्ग खंडित झाला, तर कोकणातून येणारी वाहने वाकणहून पाली-खोपोलीकडे वळवावीत, असे कोणासही सुचेल. पण पालीच्या पुलाखालीही तीच अंबा वाहते! नकाशावरच्या दोन वाटा एकाच पुरात बुडू शकतात. वाकणला पोहोचलेला ट्रक मागे फिरवणे महाकठीण. त्याच्यामागे रांग लागली, की रुग्णवाहिकाही अडकते. म्हणून अवजड वाहने आधीच, कोलाडला थांबवावीत. कुंडलिकेचे पाणी पाहून रोहा-अलिबाग-वडखळ मार्ग रुग्णवाहिकांना मोकळा ठेवावा. मुंबईकडील वाहने पेणहून खोपोलीकडे न्यावीत. पेण व कोलाडच्या नाक्यांवर पहिल्या तासातच अधिकार असलेला माणूस उभा राहिला पाहिजे.