बसच्या फेऱ्या कोण ठरवतो?

१७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. निर्णय स्वागतार्हच, परंतु सवलत देणे निराळे आणि सत्तेत वाटा देणे निराळे.

कचेरीत जाणारा पुरुष सकाळी जातो, संध्याकाळी परततो; शहरांच्या बससेवेत त्यालाच प्रमाण मानतात. मूल शाळेत सोडून, दोन घरची धुणीभांडी आटोपून, रेशन घेऊन परतणाऱ्या बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा, भर दुपारचा. ‘तोट्याची’ म्हणून कात्री प्रथम त्याच फेरीला लागते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तिची पायपीट कोणत्याच ताळेबंदात मला आढळली नाही.

महाराष्ट्रातील महापालिकांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. हे आरक्षण प्रभागांना व महापौरपदाला आहे, परिवहन समितीला नाही. भगिनींची रवानगी बहुधा महिला व बालकल्याण समितीत! १९६१ साली मृणालताई गोरे मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. पाण्यासाठी त्या झगडल्या. बससाठी तसे कोणी झगडले काय?

परिवहन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, ही मागणी आपण करावी. आणि जेथे आपले नगरसेवक आहेत तेथे, कायद्याची वाट न पाहता, समितीसाठी स्त्रियांचीच नावे सुचवावीत.