चोवीस रकाने

(करमाळा येथील भाषण)



भाषणाची मला सवय नाही. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. मॅट्रिकपुढं शिकलो नाही. पण करमाळ्याच्या पोरांनी हाक मारली, म्हणाली, आपल्या पेपरवर बोल. म्हणून 'बहिष्कृत भारत'वर बोलतो.

२० मार्च १९२७. महाडला आपण पाणी प्यालो आणि तळं शुद्ध करायला त्यांनी शेण-गोमूत्र ओतलं. ही बातमी आपल्या बाजूनं छापणार कोण? १९२० साली 'मूकनायक' निघाला होता, शाहू महाराजांनी अडीच हजार दिले होते. तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात घेतली नाही. फुकट नव्हे राव, पैसे देऊन! त्याच जुलैत बाबासाहेब लंडनला गेले आणि मागं पेपर ढेपाळला. आता महाडनंतर चौदा दिवसांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' उभा राहिला.

पाक्षिक. एकेका अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकट्यानं लिहिले. कोर्ट, कौन्सिल, सत्याग्रह सांभाळून. पगार शून्य. मी पाळी संपवून खोलीवर येतो तेव्हा चार ओळींत डोळा लागतो. म्हणून ह्या रकान्यांचं वजन मला कळतं.

आणि रडगाणं नाही. 'आजकालचे प्रश्न', 'प्रासंगिक विचार' ही सदरं काढून बघा. समोरच्या पेपराचा मुद्दा उचलायचा, त्याच्याच शास्त्रानं त्याला आपटायचं. अंकाच्या माथ्यावर ओव्या ज्ञानेश्वरांच्या, खाली धर्मग्रंथांची चिरफाड!

१५ नोव्हेंबर १९२९ ला शेवटचा अंक निघाला. वर्गणीच पुरेना. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, कनवटीला आणा नव्हता. त्यांना मी बोल लावत नाही. आपल्याला लावतो. आपण शिकलोय, खिशात मोबाईल आहे.

'द न्यू टाइम्स' नावाचं रशियन नियतकालिक आहे, सरकारच्या ताटाखालचं नसलेलं. २०१८ साली त्याला दोन कोटी वीस लाखांवर रुबल दंड ठोठावला. वाचकांनी थोड्याच दिवसांत सगळा उभा केला. तिथला वाचक काय सगळा शेटजी आहे?

ह्या वहीत करमाळा तालुक्यातले आपल्या अंकाचे सतरा वर्गणीदार आहेत. पैसे पाचांचे आलेत. पुढचा अंक छापखान्यात अडकलाय. वही इथं टेबलावर ठेवतो. पेन पण ठेवतो.