बोर्डोची वाइन आणि हिंगणघाटचा कापूस

(भोर येथे भोर-वेल्हे विभागाच्या बैठकीत केलेले भाषण)



आज या बैठकीला भोर-वेल्ह्याचे भातवाले आहेत आणि कोरड्या मुलखातले कापूस-ज्वारीवालेही आले आहेत. दोघांच्याही ओळखीच्या एका नावापासून सुरुवात करतो. बोर्डो मिश्रण! एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. ज्याच्या दारात लिंबाचे एखादे झाड आहे, त्यालाही हे पाठ असते. पण बोर्डो हे एका शहराचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला हे शहर आहे. त्याच्या उत्तरेला नदीच्या खाडीकाठी मेडॉक नावाचा पट्टा आहे. तिथल्या रस्त्याकडेच्या बागांतून वाटसरू द्राक्षे तोडत. म्हणून शेतकरी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिले की बाकीची बाग केवड्याने, म्हणजे ज्याला आपण डाऊनी म्हणतो त्या रोगाने, गेली. निळ्या वेली मात्र हिरव्यागार राहिल्या. शेतकऱ्याच्या राखणीतून जगातले एक मोठे औषध निघाले.

त्याच मेडॉकमध्ये मार्गो नावाचे गाव आहे. तिथली तांबडी वाइन जगात नाजूक, घरंदाज म्हणून नावाजलेली आहे. आम्ही इथे वाइन प्या असे सांगायला उभे नाही. मायबहिणींनी काळजी करू नये! दारूने घरे कशी बसतात, ते आम्ही गावोगाव पाहतो. प्रश्न भावाचा आहे. द्राक्षाचा रस आंबवून केलेल्या त्या मालाला एवढा भाव का, आणि तो कोणाच्या पदरात पडतो?

आधी जमीन पाहू. मार्गोची जमीन म्हणजे नद्यांनी वाहून आणलेली वाळू आणि गोटे. आपल्याकडे तिला कोणी सोयरीक देणार नाही. कॅबरने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी जात तिथे चांगली येते. कारण गोटे ऊन धरतात आणि पाणी मुळाशी साचत नाही. बाग फळावर आली की पाणी द्यायला नियमाने मनाई आहे. दुष्काळ पडला तर परवानगी काढावी लागते. म्हणजे जगातली नामांकित बाग ही कोरडवाहू बाग आहे! फरक एवढाच की त्यांचा पाऊस वर्षभर विभागून पडतो, आपला चार महिन्यांत येतो किंवा येतच नाही. हेक्टरी उत्पादनालाही तिथे कमाल मर्यादा आहे. जास्त पिकवले तर त्या नावाने विकता येत नाही.

पण ही शिस्त काही कोणी दयेने दिलेली नाही. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेडॉकच्या वाइनची प्रतवारी झाली. ती केली बोर्डोच्या दलालांनी, बाजारातल्या भावावरून. माल पिंपांतून व्यापाऱ्याच्या वखारीत जायचा, तिथे मिसळायचा, तिथेच बाटलीत भरायचा. पुढे फिलॉक्सेरा या मुळावरच्या किडीने फ्रान्सच्या बागा खलास केल्या. टंचाई आली तशी भेसळ आली. मनुके भिजवून, साखर-पाणी घालून वाइन निघू लागली. बागा पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा खऱ्या मालाला गिऱ्हाईक नव्हते.

तेव्हा दक्षिणेकडचा, भूमध्य समुद्राकाठचा द्राक्षशेतकरी उठला. ९ जून १९०७ रोजी मॉन्पेलिए शहरात लाखो माणसे जमली. नार्बोन गावी सैन्याने गोळ्या घातल्या, माणसे मेली. शेतकऱ्यांच्याच पोरांच्या एका पलटणीने बंड केले. त्याच महिन्यात साखर-पाण्याच्या भेसळीविरुद्ध कायदा झाला. १९३५ साली गावाच्या आणि प्रदेशाच्या नावाला कायद्याचे कुंपण मिळाले. मार्गोचे नाव १९५४ साली त्यात आले. त्या हद्दीबाहेरचा कोणी आपल्या बाटलीवर मार्गो लिहील, तर तो गुन्हेगार.

आता आपल्याकडे या. आपल्या कोरडवाहू मालाला असे नाव नव्हते काय? होते! अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानचा कापूस धावला, त्या काळात तिथल्या भावपत्रकांत हिंगणघाट हे एका प्रतीचे नाव होते. अमरावतीवरून पडलेले ‘उमरा’ हे दुसरे. हिंगणघाटची बनी ही लांब, तलम धाग्याची जात. कोरडवाहू काळ्या रानातली. पण गाठ बांधायची व्यापाऱ्याने, नाव वापरायचे व्यापाऱ्याने. आखूड धाग्याची रुई त्यात मिसळली गेली. भेसळीचा बोभाटा इतका की मुंबई सरकारला १८६३ साली कायदा करावा लागला. पुढे जास्त रुई देणारी, आखूड धाग्याची जरी ही जात पसरली. चांगल्या धाग्याला त्या मानाने जादा भाव हाती पडत नसेल, तर शेतकऱ्याने तो कशासाठी पिकवायचा? बनी मागे पडली. नाव गेले. मार्गोचे गोटाळ रान राहिले आणि हिंगणघाटचे काळे रान हरले, यात जमिनीचा दोष काय?

महाराष्ट्रात आता वाइनही होते. भाटघर धरण इथे भोरात. त्याचे पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्यापर्यंत जाते. त्याच तालुक्यात, अकलूजच्या बाजूला, तांबड्या वाइनच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. राज्य सरकारने २००१ साली त्यासाठी धोरण आणले. २०१० साली ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंद झाली. चांगले झाले. पण ते नाव बाटलीवर आहे, आणि कारखान्याला माल घालणारा शेतकरी किलोवर द्राक्ष विकतो. नाव ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती.

कोणी म्हणेल, नाव मिळाले की सगळे सुटले. नाही. २०२३ साली खुद्द बोर्डोमध्ये सरकारी पैसे देऊन हजारो हेक्टर बागा उपटायला सुरुवात झाली. पिणारे कमी झाले, साध्या बोर्डो वाइनचा भाव उत्पादन खर्चाखाली गेला. मार्गोसारख्या गावांची नावे तगली; पण नुसते ‘बोर्डो’ एवढेच नाव असलेला लहान शेतकरी बुडाला. कुंपण भेसळ अडवते, गिऱ्हाईक आणून देत नाही. खर्च भरून निघेल असा भाव आणि माल कुठेही विकण्याची मोकळीक, ही मागणी नाव मिळाल्यानंतरही उरतेच.

मग करायचे काय? आपल्या देशात १९९९ चा भौगोलिक निर्देशांकाचा कायदा आहे. शेजारच्या मुळशीचा आंबेमोहर आणि मंगळवेढ्याची ज्वारी, दोन्हींची नोंद २०१६ साली झालेली आहे. नोंद संस्थेच्या नावावर असते. पण त्या हद्दीत तो माल पिकवणारा शेतकरी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव घालू शकतो. मंगळवेढ्याच्या भावांनो, तुमच्यापैकी किती जणांनी घातले आहे? भोर-वेल्ह्याच्या भातवाल्यांनो, नोंदीच्या नकाशात तुमचे गाव आहे की नाही, ते कोणी पाहिले आहे? आणि कापूसवाल्यांनी एका गावाने एकच वाण लावून, त्याच्या गाठी वेगळ्या बांधून, प्रत्येक गाठीवर गावाचे नाव आणि धाग्याची लांबी लिहून पाहायला कोणाची हरकत आहे?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या मालाचे नाव काय. ते कोणाच्या नावावर नोंदले आहे. आणि ज्या दिवशी माल विकला, त्या दिवशी भाव कोणी सांगितला. तिन्ही उत्तरांत आपण कुठे आहोत ते कळले, की कामाला कुठून हात घालायचा हे ठरवता येईल.