मार्गांचा तक्ता

टपालकचेरींत पत्रांची वांटणी करणारा कारकून कोणतेंहि पत्र स्वतः घरपोंच करीत नाहीं. पत्त्यावरील गांव पाहून तें योग्य त्या थैलींत टाकणें, एवढेंच त्याचें काम. संगणकांच्या जाळ्यांतहि असाच कारभार चालतो. साधा स्विच एकाच जाळ्यांतील यंत्रांची गांठ घालून देतो. परंतु ज्याला लेयर थ्री स्विच म्हणतात, तो एका जाळ्यांतून दुसऱ्या जाळ्याकडे जाणाऱ्या संदेशाची वाटहि ठरवितो. ज्या तक्त्यावरून तो ती ठरवितो, त्याला राउटिंग टेबल हें नांव आहे.

हा तक्ता पाहणें कठीण नाहीं. सिस्कोच्या स्विचवर ‘शो आयपी रूट’ अशी आज्ञा दिली कीं तो पडद्यावर उमटतो. प्रत्येक मार्गाच्या आरंभीं एक रोमन अक्षर असतें. ‘सी’ म्हणजे स्विचला प्रत्यक्ष जोडलेलें जाळें. ‘एस’ म्हणजे माणसानें स्वहस्तें लिहिलेला मार्ग. ‘ओ’ म्हणजे ओएसपीएफ या पद्धतीनें शेजारच्या यंत्रांकडून कळलेला मार्ग. त्यापुढें जाळ्याचा पत्ता येतो. कळलेल्या व लिहिलेल्या मार्गांपुढें कंसांत दोन अंक असतात. पहिला अंक बातमीची पत दाखवितो: हातानें लिहिलेल्या मार्गाला बहुधा १, ओएसपीएफला ११०, अंक जितका लहान, तितका भरंवसा अधिक. दुसरा अंक त्या मार्गाचा खर्च होय.

तथापि संदेश निघतेवेळीं निवाडा होतो तो पत्त्यापुढील तिरप्या रेघेनंतरच्या आंकड्यावर. ‘/२२’ मध्यें १,०२४ पत्ते मावतात, ‘/२४’ मध्यें २५६. एकाच पत्त्याला दोन्ही ओळी लागू पडल्या, तर अधिक नेमकी, म्हणजे मोठ्या आंकड्याची, ओळ जिंकते. ती खरी कीं खोटी, ही चौकशी यंत्र स्वतः होऊन करीत नाहीं.

मोठ्या कंपन्यांच्या राउटरांनाहि हाच नियम लागू आहे. त्याचा प्रत्यय २४ फेब्रुवारी २००८ रोजीं आला. यूट्यूबनें २०८.६५.१५२.०/२२ हा मार्ग जाहीर केलेला होता. देशांत यूट्यूब बंद करण्याच्या सरकारी हुकुमावरून पाकिस्तान टेलिकॉमनें २०८.६५.१५३.०/२४ हा अधिक नेमका मार्ग लिहिला, आणि तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीमार्फत बाहेर पसरला. ठिकठिकाणच्या तक्त्यांनीं तो खरा मानला. जगांतील पुष्कळशा प्रेक्षकांचे संदेश भलतीकडे वळून नाहींसे झाले. सुमारें ८० मिनिटांनीं यूट्यूबनें स्वतः ‘/२४’ व मागाहून ‘/२५’ मार्ग जाहीर केले. सुमारें सव्वादोन तासांनीं चुकीचा मार्ग मागें घेतला गेला.

कचेरींतील जाळें अडलें कीं प्रथम तारा बदलल्या जातात. त्याआधीं ‘शो आयपी रूट’ या आज्ञेपुढें अडलेला पत्ता लिहून पाहावा. कोणती ओळ लागू पडते, तें स्विच सांगतो. ती ‘एस’ असेल, तर कोणाच्या तरी हातची विसरलेली जुनी नोंद तेथें राहिली असण्याचा संभव असतो. एकहि मार्ग दिसत नसेल, तर ‘आयपी राउटिंग’ ही आज्ञा देऊन तें काम सुरू केलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. आणि ओळ बरोबर असली तरी पलीकडच्या यंत्राचा तक्ताहि पाहावा. कारण पत्र पोंचलें तरी उत्तराची वाट तेथें लिहिलेली नसेल, तर पाठविणारा वाटच पाहत राहतो.